टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगायचा परवाना: ग्रीन कार्डवाल्यांसाठी पायरीपायरीने

गेल्या गणपतीत आमच्या मंडळाचा कार्यक्रम एका हायस्कूलच्या सभागृहात होता. आरतीला उभे असताना मागून एका ओळखीच्या काकांनी हळूच विचारलं, "काय गं, तुझ्याकडे परवाना आहे म्हणे. मग आत्ता पर्समध्ये आहे का?" मी म्हटलं, "काका, ही शाळा आहे. इथे पर्समधून पिस्तूल निघालं तर दोन ते दहा वर्षं आत." काका गप्प झाले. प्रसाद घेताना पुन्हा जवळ आले आणि म्हणाले, "पण आज रविवार आहे ना? शाळेला तर सुट्टी!"

रविवार असो की दिवाळीची सुट्टी, शाळेची इमारत ती शाळेची इमारत. पण काकांची शंका रास्त होती. परवाना कसा काढायचा हे कुठेही वाचायला मिळतं. तो खिशात आल्यावर कुठे थांबायचं, हे आपल्या लोकांना आपल्या भाषेत कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. आमचं छोटं दुकान आहे, रात्री दहाला बंद होतं, आणि दिवसाची रोकड घेऊन गाडीपर्यंत जाणारी बहुतेक वेळा मीच असते. दोन वर्षांपूर्वी मी परवाना काढला. इथे त्याला 'लायसन्स टू कॅरी', थोडक्यात एलटीसी म्हणतात. (माझे सासरे सरकारी नोकरीतले. त्यांना फोनवर सांगितलं की एलटीसी मिळालं, तर म्हणाले, "वा, कुठे जाताय फिरायला?") मी वकील नाही. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर वकिलाची फी भरा, ती इथे वाचवू नका.

१. आधी स्वतःचा व्हिसा बघा

टेक्सासचा कायदा नंतर. पहिला अडथळा केंद्रीय कायद्याचा आहे. बिगर-स्थलांतरित व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे, आणि २०२२ पासून त्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन आणि सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा, सगळे यात येतात. "माझं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, फक्त तारखेची वाट बघतोय" याने काहीही बदलत नाही. वाट बघणाऱ्याचा व्हिसा एच-वन-बीच असतो.

या नियमाला अपवाद आहेत. त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला अपवाद म्हणजे राज्याचा वैध शिकारीचा परवाना जवळ असणं. टेक्सासमध्ये तो काउंटरवर पैसे भरून मिळतो, आणि ऑफिसातली पोरं त्याच्या जोरावर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जातात. अपवाद खरा आहे. पण हरणाच्या परवान्यावर कमरेला रोज पिस्तूल लावून फिरायचं आणि काही झालं तर ते न्यायाधीशाला समजावायचं, यात मला शहाणपण दिसत नाही. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबा, किंवा इमिग्रेशन वकिलाकडून लेखी मत घ्या.

इथे एक खड्डा आहे तो फार जणांना दिसत नाही. 'जवळ बाळगणं' म्हणजे हातात घेणंच असं नाही. वस्तू ताब्यात असणं, हवी तेव्हा घेता येणं, हेही त्यात धरतात. माझा दीर एच-वन-बीवर असताना वर्षभर आमच्याकडे राहिला. पिस्तुलाच्या छोट्या तिजोरीचा आकडा त्याला ठाऊक नव्हता आणि आम्ही तो मुद्दाम सांगितला नव्हता. त्याला थोडा रागही आला होता. येऊ दे.

ग्रीन कार्ड असलं तरी एक गोष्ट विसरायची नाही. इमिग्रेशनच्या कायद्यात बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे. शेजारचा अमेरिकन नागरिक ज्या चुकीवर दंड भरून घरी जाईल, त्याच चुकीवर तुमची इमिग्रेशनची सुनावणी लागू शकते. खाली जिथे जिथे मी "गाडीकडे परत फिरा" म्हणते, तिथे हे कारण धरा.

२. परवाना लागतच नाही, मग काढायचा कशाला?

हा प्रश्न येतोच. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. त्याआधी १९९६ पासून परवाना लागायचा आणि पिस्तूल झाकलेलं असावं लागायचं. २०१६ मध्ये परवानाधारकाला ते होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, उघडपणे लावायची मुभा मिळाली, तेव्हाच परवान्याच्या नावातला 'झाकलेलं' हा शब्द गेला.

तरीही मी परवाना काढला, त्याचं मुख्य कारण शाळा. केंद्रीय कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगायला बंदी आहे. त्याच राज्याने दिलेला परवाना असेल तर ही बंदी लागू होत नाही. खासगी जागेत किंवा गोळ्या काढून कुलूपबंद पेटीत असेल तरीही नाही. आमच्या घरापासून दुकानापर्यंत सात मैलांत चार शाळा लागतात. परवान्याशिवाय रोज जाता-येता मी त्या वर्तुळांतून भरलेलं पिस्तूल नेलं असतं.

दुसरं, शेजारची राज्यं. आपला परवाना ओक्लाहोमा, लुइझियाना, न्यू मेक्सिको मानतात. तिसरं, विद्यापीठाच्या आवारात झाकून नेण्याची मुभा फक्त परवानाधारकाला आहे, आणि तीही विद्यापीठाने ठरवलेल्या हद्दीत. दुकानातून पिस्तूल घेतानाही परवाना दाखवला की पार्श्वभूमी तपासणीचा फोन वाचतो, पण बंदूक खरेदीचा केंद्रीय अर्ज, क्रमांक ४४७३, भरावाच लागतो.

आणि परवान्यासाठी जो प्रशिक्षणाचा वर्ग करावा लागतो, त्यात जे कळतं ते एरवी कुणी शिकवत नाही.

३. तुम्ही पात्र आहात का?

कायद्याच्या मजकुरानुसार वय २१ पूर्ण, सैन्यातल्यांना १८. टेक्सासमध्ये सहा महिने राहिलेले असावं. गंभीर गुन्ह्यात, म्हणजे फेलनीत, कधीही दोषी ठरलेला माणूस बाद. 'अ' किंवा 'ब' वर्गाच्या किरकोळ गुन्ह्यात गेल्या पाच वर्षांत दोषी ठरलेलाही बाद, आणि आपल्या लोकांची विकेट इथेच पडते. दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला गुन्हा 'ब' वर्गात येतो. "पण मला शिक्षा झाली नव्हती, कोर्टाने निकाल लांबणीवर टाकून प्रोबेशनवर सोडलं होतं" हे इथे सहसा चालत नाही. परवान्याच्या कायद्यात बहुतेक वेळा तेही दोषसिद्धी म्हणूनच धरतात.

घटस्फोटानंतर मुलांच्या खर्चाचे हप्ते थकले असतील किंवा राज्याचा कर थकला असेल तरी अर्ज अडतो. दुकानवाल्यांनो, विक्रीकराचं खातं एकदा बघून घ्या.

गांजाबद्दल वेगळं सांगते. कॉलोराडोत तो कायदेशीर आहे, पण केंद्राच्या लेखी नाही. ४४७३ क्रमांकाच्या अर्जात त्याबद्दल सरळ प्रश्न आहे, आणि राज्यात परवानगी असली तरी केंद्रात तो बेकायदाच आहे असं त्या प्रश्नाखालीच छापलेलं आहे. त्या अर्जात खोटं लिहिणं हा आणखी एक गुन्हा.

४. काय काय जमवायचं

- टेक्सासचा चालू ड्रायव्हिंग लायसन्स, त्यावर आत्ताचाच पत्ता
- सोशल सिक्युरिटी क्रमांक
- ग्रीन कार्ड, दोन्ही बाजू स्कॅन करून
- गेल्या पाच वर्षांतले राहण्याचे पत्ते आणि नोकऱ्या, तारखांसकट
- जुनं पोलीस किंवा कोर्ट प्रकरण असेल तर निकालाची प्रमाणित प्रत, प्रकरण मिटलेलं असलं तरी
- वर्ग आणि नेमबाजी पास झाल्याचं प्रमाणपत्र
- फी. मी भरली तेव्हा ४० डॉलर होती. २०१७ पर्यंत ती १४० होती.

कागदांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आपल्याकडे बाईचं मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. माझ्या पिढीत काहींचं पहिलं नावसुद्धा बदललं. ग्रीन कार्डावर एक, पदवीवर दुसरं, बँकेत तिसरं. अर्जात आधीची नावं विचारतात तिथे सगळी लिहा, माहेरचंसुद्धा. लपवलं तर संशय येतो, लिहिलं तर कुणी विचारतही नाही. आणि वर्गात प्रमाणपत्र लिहून घेताना लायसन्सवर आहे अक्षर न् अक्षर तेच नाव आहे ना, हे तिथेच उभं राहून बघा. माझ्या प्रमाणपत्रावर आडनावातला एक 'ए' गळला होता. घरी येऊन पाहिलं. पुन्हा चाळीस मैल.

५. वर्ग

वर्ग चार ते सहा तासांचा असतो. कायद्याचा भाग ऑनलाइनही करता येतो, मग रेंजवरचा भाग तेवढा प्रत्यक्ष. डीपीएसने, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाने, मान्यता दिलेलाच प्रशिक्षक घ्या. दुसऱ्या राज्याचा परवाना घरबसल्या मिळवून देतो असं सांगणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका.

माझं मत विचाराल तर प्रत्यक्ष बसा. आमचे प्रशिक्षक निवृत्त पोलीस होते. पिस्तूल कसं धरायचं यावर त्यांनी वीस मिनिटं घालवली असतील. दोन तास फक्त एका प्रश्नावर गेले: बळ कधी वापरता येतं. टेक्सासचा कायदा म्हणतो की जिथे असण्याचा तुम्हाला हक्क आहे, तुम्ही समोरच्याला चिथवलेलं नाही आणि स्वतः गुन्हा करत नाही आहात, तिथे आधी पळून जाण्याची सक्ती नाही. पण जीवघेणं बळ तेव्हाच, जेव्हा समोरचा तसंच बेकायदा बळ वापरतोय किंवा दरोडा, अपहरण यांसारखा गुन्हा करतोय म्हणून ते ताबडतोब लागेल असं शहाण्या माणसालाही वाटेल. शिवी दिली म्हणून नाही. पार्किंगवरून भांडण झालं आणि तुम्ही नुसतं दाखवायला म्हणून पिस्तूल काढलं, तर लोकांना घाबरवण्यासाठी शस्त्र दाखवल्याचा गुन्हा तुमच्यावर लागू शकतो. समोरच्या बाकावरच्या एका तरुणाने विचारलं, "हवेत एक गोळी झाडली तर?" प्रशिक्षक म्हणाले, "ती खाली कुठे पडेल ते मला सांग, मग मी उत्तर देतो."

लेखी परीक्षेत ७० टक्के लागतात. वर्गात जागे राहिलात तर होते.

६. पन्नास गोळ्या

सगळ्यांना धास्ती असते ती याची. खरं तर हा सगळ्यात सोपा भाग.

माणसाच्या आकृतीच्या कागदी लक्ष्यावर ५० गोळ्या. तीन यार्डांवरून २०, सात यार्डांवरून २०, पंधरा यार्डांवरून १०. म्हणजे साधारण नऊ, एकवीस आणि पंचेचाळीस फूट. आतल्या वर्तुळातल्या गोळीला पाच गुण, त्याबाहेरच्या पट्ट्यात चार, आकृतीवर कुठेही लागली तर तीन. २५० पैकी १७५ मिळवले की पास. वेळेचं बंधन असतं. पहिल्या टप्प्यात दोन सेकंदांत एक गोळी, नंतर तीन सेकंदांत दोन, असं वाढत जातं.

मी आयुष्यात फक्त जत्रेतल्या छर्ऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडले होते. त्यामुळे आधी तीन शनिवार रेंजवर गेले, भाड्याने नऊ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं आणि तिथल्या बाईंकडून एक तास शिकले. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत माझा दोष सांगितला: आवाजाच्या आधीच मी डोळे मिटत होते आणि चाप ओढायच्या ऐवजी हिसकत होते. मग त्यांनी मला न सांगता मॅगझिनमध्ये मधेमधे नकली काडतुसं भरली. चाप ओढला, आवाज झाला नाही, आणि पिस्तुलाचं तोंड खाली गचकलेलं मला स्वतःला दिसलं. त्यानंतर फरक पडला. परीक्षेत २३१ मिळाले.

पिस्तूल कुठल्या मापाचं असावं यावर २०१७ पासून किमान अट राहिलेली नाही, पॉइंट बावीसही चालतं. मनगट नाजूक असेल तर त्यावर परीक्षा द्यायला लाजू नका. गळ्याशी उघडा कुर्ता घालून जाऊ नका. पिस्तुलातून उडालेलं गरम टरफल आत गेलं की माणूस नाचतो, आणि नाचताना हातात भरलेलं पिस्तूल असतं. बंद गळा, पायात बंद बूट, डोक्यावर पुढे झापड असलेली टोपी.

७. अर्ज आणि बोटांचे ठसे

अर्ज डीपीएसच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. वर्ग आधी की अर्ज आधी, कुठलंही चालतं, पण प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दोन वर्षांपर्यंतच चालतं. अर्ज भरला की ठशांची वेळ घ्यायची सूचना आणि एक सेवा-सांकेतांक मिळतो. ग्रीन कार्डासाठी किंवा नोकरीसाठी आधी दिलेले ठसे इथे चालत नाहीत, याच सांकेतांकावर नव्याने द्यायचे.

माझे ठसे पहिल्यांदा नाकारले गेले. दुकानात दिवसभर फरशी पुसणं, भांडी, क्लोरीन. बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. दुसऱ्या खेपेला आधी आठवडाभर रोज रात्री खोबरेल तेल लावलं, पण वेळेच्या दिवशी हात कोरडे ठेवून गेले, आणि ठसे लागले. गृहिणींनी आणि स्वयंपाकाच्या धंद्यातल्यांनी हे लक्षात ठेवा.

कागद पूर्ण असतील तर कायद्याप्रमाणे ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा. माझा परवाना पाचव्या आठवड्यात टपालाने आला. बहुतेक उशीर कागद अपुरा असल्याने होतो, म्हणून ऑनलाइन स्थिती दर आठवड्याला बघा. त्यांनी काही मागितलेलं असतं आणि ते पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात गेलेलं असतं.

इथे नियमात बसलात तर परवाना नाकारता येत नाही. आपल्याकडे कलेक्टर किंवा पोलीस आयुक्तांना 'गरज काय' हे पटवावं लागतं, आणि निवडणूक लागली की गावातल्या परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. ती सवय मनात असल्याने मी दुकानाच्या भागात झालेल्या चोऱ्यांची कात्रणं जोडायला निघाले होते. कुणी विचारली नाहीत.

८. पाट्या वाचायला शिका

आता खरा अभ्यास. हा भाग दोनदा वाचा.

टेक्सासच्या दंडसंहितेतली ३०.०६ ही संख्या पाठ करा. दुकान, हॉस्पिटल, देऊळ अशा खासगी जागेच्या दारावर ठराविक मजकूर, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत, सहज दिसेल असा लावलेला असेल, तर परवानाधारकालाही झाकलेलं पिस्तूल घेऊन आत जाता येत नाही. ३०.०७ ही उघड्या पिस्तुलासाठीची पाटी. ३०.०५ ही परवाना नसलेल्यांसाठीची. नुसती ३०.०५ असेल तर परवानाधारक आत जाऊ शकतो. परवान्याचा हा आणखी एक फायदा.

३०.०६ कडे चुकून दुर्लक्ष झालं तर गुन्हा 'क' वर्गाचा, दंड २०० डॉलरपर्यंत. पण कुणी तोंडी सांगितलं, "बाहेर जा", आणि तुम्ही वाद घालत थांबलात, तर तोच गुन्हा 'अ' वर्गाचा होतो: वर्षापर्यंत कैद आणि परवानाही जातो. म्हणून सांगितलं की निघायचं. कोणाचं म्हणणं बरोबर होतं ते घरी जाऊन ठरवा.

पिस्तुलाच्या चित्रावर लाल काट मारलेली नुसती पाटी ३०.०६ ची अट पुरी करत नाही, असं वर्गात सांगतात. कायद्याने ते बरोबर आहे. मी तरीही गाडीकडे परत फिरते.

पाटी असो नसो, जिथे बंदीच आहे अशा जागा: शाळेची इमारत आणि शाळेचा कार्यक्रम चालू असलेलं मैदान, न्यायालय, मतदान केंद्र, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग, आणि दारूच्या विक्रीतून ५१ टक्के किंवा जास्त उत्पन्न असलेला बार. त्या बारच्या दारावर मोठ्या लाल अक्षरांत ५१ टक्के लिहिलेलं असतं. हे सगळे फेलनी, दोन ते दहा वर्षं. व्यावसायिक आणि शालेय खेळांचे सामने हे बंदीचं आणखी एक ठिकाण.

हे आपल्या आयुष्यात कुठे आडवं येतं ते बघा. गणपती, कोजागिरी, मराठी शाळा आणि नाटकाचे प्रयोग भाड्याने घेतलेल्या शाळांत होतात: बंदी. ग्रँड प्रेअरीच्या मैदानावर आपण क्रिकेट बघायला जातो, तिथे २०२४ च्या विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं: बंदी. वाचनालयात मुलाची पुस्तकं परत करायला जाता आणि तिथे मतदान चालू असतं. मुदतपूर्व मतदानाचे दिवसही यात येतात, आणि ग्रीन कार्डवाल्याला मत नसल्याने हे दिवस डोक्यातच नसतात. गेल्या खेपेला मी वाचनालयाच्या दारातल्या उमेदवारांच्या पाट्या बघून भानावर आले.

देऊळ: २०१९ पर्यंत प्रार्थनास्थळांचा उल्लेख बंदीच्या यादीत होता, तो त्या वर्षी काढला. आता ३०.०६ लावायची की नाही हे देवस्थान ठरवतं. डॅलसच्या राज्य जत्रेने २०२४ साली सगळ्याच बंदुकांना बंदी घातली, राज्याचे महाधिवक्ता कोर्टात गेले, तरी जत्रा बंदीसकटच भरली. म्हणजे मोठ्या कार्यक्रमाला जाण्याआधी त्या वर्षाचा नियम बघणं आलंच.

केंद्र सरकारच्या इमारतींत राज्याचा परवाना चालत नाही. नागरिकत्वाच्या मुलाखतीला जाताना पर्स दोनदा झटका. यापेक्षा वाईट जागा नाही.

९. गाडी, ऑफिस, पोलीस

गाडीत पिस्तूल दिसत असेल तर ते होल्स्टरमध्ये हवं. ऑफिसच्या इमारतीत मालक बंदी घालू शकतो, पण २०११ पासूनच्या कायद्याने कर्मचाऱ्याला पार्किंगमधल्या स्वतःच्या कुलूपबंद गाडीत ते ठेवू द्यावं लागतं. काही रासायनिक कारखान्यांसारख्या ठिकाणांना यातून सूट आहे.

पोलिसाने थांबवून ओळखपत्र मागितलं आणि पिस्तूल अंगावर असेल, तर लायसन्सबरोबर परवानाही दाखवायचा. इंजिन बंद, आतला दिवा लावा, दोन्ही हात चाकावर, आणि ते कुठे आहे हे शांतपणे सांगा. त्यांनी सांगितल्याशिवाय हात तिकडे न्यायचा नाही. कागद ज्या खणात आहेत त्याच खणात पिस्तूल ठेवायचं नाही. मला एकदा मागचा दिवा बंद म्हणून थांबवलं होतं. अधिकारी म्हणाला, "तुम्ही तुमचं काढू नका, मी माझं काढणार नाही," आणि ताकीद देऊन सोडलं.

पार्टीला जाताना, जिथे एक ग्लास वाइनसुद्धा होणार आहे, पिस्तूल घरी. नशेत ते बाळगून बाहेर वावरणं गुन्हा आहे, आणि 'नशा' ठरवायला रक्तातल्या दारूचा ०.०८ हा आकडाच लागतो असं नाही.

१०. राज्याबाहेर, आणि विमानतळावर

न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया आपला परवाना मानत नाहीत. न्यू जर्सीतल्या एडिसनला बहिणीकडे जाताना पिस्तूल घरीच. गाडीने अशा राज्यातून नुसतं पार जायचं असेल तर केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, पण अट अशी की निघालात तिथे आणि पोचणार तिथे ते बाळगणं कायदेशीर हवं, गोळ्या काढलेल्या आणि दोन्ही वस्तू डिकीत, हाताला लागणार नाहीत अशा. मुक्काम केलात की हे संरक्षण ठिसूळ होतं. यूटाहचा एक प्रवासी २००५ साली पिस्तूल रीतसर चेक-इन करून निघाला. न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचं विमान चुकलं, त्याने सामान ताब्यात घेतलं, रात्र हॉटेलात काढली आणि सकाळी विमानतळावर अटक झाला. काही दिवस तुरुंगात. आरोप मागे घेतले गेले, पण नंतर त्याने दावा लावला तो अपील न्यायालयात हरला. नेवार्क किंवा न्यू यॉर्कवरून जोडविमान घेऊ नका.

मेक्सिकोच्या सीमेवर, लरेडो किंवा एल पासोला, गाडीत एक गोळी सापडली तरी तो तिकडे गंभीर गुन्हा आहे. दक्षिणेकडे फिरायला जाण्याआधी सीटखाली हात घालून बघा.

देशांतर्गत विमानात पिस्तूल फक्त चेक-इन सामानात. गोळ्या काढलेलं, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, आणि काउंटरवर स्वतःहून सांगून. २०२४ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर हातातल्या सामानात ६,६७८ बंदुका सापडल्या, त्यातल्या बहुतेक भरलेल्या, आणि पकडलेले बरेचसे "विसरलो" म्हणतात. टेक्सासचा कायदा परवानाधारकाला लगेच परत फिरलात तर काहीशी सवलत देतो, पण केंद्राचा दंड हजारो डॉलरपर्यंत जाऊ शकतो तो वेगळाच.

आणि आता आपल्या लोकांचा खास खड्डा: मुंबई विमानतळ. रेंजवर नेलेली पाठपिशवी पुढे भारतवारीला वापरतात. तळाशी अस्तराच्या फटीत एक काडतूस अडकलेलं असतं. इथून निघताना एखादे वेळी सुटतं, पण पुण्याहून परतताना किंवा मुंबई-दिल्ली विमानात क्ष-किरणांत दिसतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हा गुन्हा, आणि टेक्सासच्या परवान्याला तिथे कागदाइतकीही किंमत नाही. उच्च न्यायालयांनी जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून अशी कित्येक प्रकरणं रद्द केली आहेत, हे खरं. पण तोवर विमान गेलेलं असतं, गुन्हा नोंदलेला असतो, आणि तुम्ही वकील शोधत असता. मी रेंजसाठी एक भडक केशरी पिशवी घेतली आहे. ती गाडीच्या डिकीतून बाहेर येत नाही, आणि घरात सगळ्यांना माहीत आहे की त्या पिशवीत काहीही भरायचं नाही.

११. अंगावर आणि घरात

बायकांसाठी होल्स्टरचा प्रश्न मोठा आहे, कारण पंजाबी ड्रेसला पट्टा नसतो आणि साडीला तर प्रश्नच नाही. मी पोटाला बांधायचा रुंद लवचीक पट्टा वापरते. चापावर कडक आवरण असलेला घ्या, नुसत्या कापडी खिशात पिस्तूल ठेवू नका. पर्समध्ये ठेवणार असाल तर त्यासाठी स्वतंत्र कप्पा असलेली पर्स घ्या, त्या कप्प्यात किल्ली, लिपस्टिक, काही नको, आणि ती पर्स भोंडल्यात सोफ्यावर ठेवून फेर धरायला जाऊ नका. तिथे पाच वर्षांची पोरं असतात.

१७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती तुमच्या निष्काळजीपणाने झाडायला तयार बंदूक लागली तर तो टेक्सासमध्ये गुन्हा आहे, आणि तिने कुणी जखमी झालं किंवा दगावलं तर मोठा गुन्हा. बोटाच्या ठशाने किंवा आकड्याने उघडणारी छोटी तिजोरी भिंतीला किंवा फळीला स्क्रूने घट्ट बसवा. कपाटाचा वरचा खण ही तिजोरी नव्हे. आपण लहानपणी वरच्या खणातले लाडू कसे काढायचो ते आठवा.

पहिला परवाना चार वर्षं पुरी झाल्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला संपतो. नूतनीकरण पाच वर्षांचं, ऑनलाइन, पुन्हा गोळ्या झाडाव्या लागत नाहीत. घर बदललं तर ३० दिवसांत डीपीएसला नवा पत्ता कळवायचा. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा बदलला म्हणजे यावरचाही आपोआप बदलला असं धरू नका. टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षांत भरतं आणि नवे कायदे बहुधा त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला लागू होतात, म्हणून विषम वर्षाच्या ऑगस्टमध्ये डीपीएसचं पान एकदा उघडून वरची यादी ताडून घ्या. मी फोनमध्ये गणपतीच्या खरेदीच्या यादीतच ती आठवण टाकून ठेवली आहे, दूर्वांच्या खाली.